दोन डबे, दोन छपरं

अनुसूयाताई म्हणजे माझ्या पाहण्यातली सगळ्यात भित्री बाई. हे मी त्यांना तोंडावर पुष्कळदा सांगितलंय, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. त्या पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, तपासणीला येणाऱ्या साहेबांना भ्यायच्या. सुईला तर इतक्या, की रक्तपेढीत तेरा वर्षं नोकरी करून रक्त काढायच्या खोलीत त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही. पण हे सगळं एका बाजूला आणि कम्प्युटरची भीती एका बाजूला.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला एका ट्रस्टची ही रक्तपेढी. मी तिथे लॅब टेक्निशियन, प्रेमदास राठोड, शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचा. आमच्या तांड्यातून लॅबचा कोर्स झालेला मी पहिला, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होती. ताई कारकून. त्यांचे वडील व्यंकटराव औंढ्याला देवळाच्या सेवेत होते. १९९६ साली एका व्यापाऱ्याने ट्रस्टला कम्प्युटर दिला. तो चालवायचा कोणी, असा प्रश्न निघाला, आणि टायपिंग येणाऱ्या एकट्या ताईच सापडल्या. त्या दिवशी त्या घरी जाऊन रडल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

कम्प्युटरमध्ये होती रक्तदात्यांची यादी. अडीच हजारांवर माणसं, कोणत्या गावचं कोण, कोणत्या गटाचं, निरोप कुठे द्यायचा. कुणाला रक्त लागलं आणि फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी नसली, की ताई यादी काढायच्या आणि फोन लावायच्या. सगळ्यात अवघड गट ओ निगेटिव्ह. या गटाचं रक्त कुणालाही चालतं, पण या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुणाचंच चालत नाही. आमच्या यादीत अशी एक्केचाळीस माणसं होती. माझी धाकटी बहीण शिला त्यांतली एक. मी स्वतः पॉझिटिव्ह गटाचा.

सुरुवातीला ही यादी कागदावर छापलेलीही असायची. ९९ साली त्यातला एक कागद कुणीतरी पळवला आणि एक दलाल गावोगाव जाऊन त्या माणसांना रक्त विकायच्या गोष्टी सांगू लागला. आमच्या प्रमुख डॉक्टर गुंजन मॅडम. त्यांनी सगळे कागद आणि जुन्या वह्या मागच्या अंगणात जाळायला लावल्या आणि सांगितलं, यापुढे यादी मशीनमध्येच राहील, छापायची नाही, लिहायचीही नाही. सगळ्यांना हे पटलं. ताईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. एवढी माणसं आता एका डब्यात, आणि त्या डब्याच्या राखणदार त्या.

तेव्हापासून त्यांचे नियम सुरू झाले. बाहेरची फ्लॉपी मशीनला लावायची नाही. आभाळ गडगडलं की पिन काढायची. संध्याकाळी मशीन बंद करताना पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं, त्यानंतरही ताई दोन मिनिटं थांबायच्या. स्टेशनजवळच्या एका क्लासमधली सहा मशिनं कम्प्युटरच्या विषाणूने एका सकाळी मेली, तेव्हापासून त्या दर दोन महिन्यांनी एसटीने नांदेडला जायच्या आणि विषाणू ओळखायची नवी यादी आणि विंडोजच्या दुरुस्त्या घेऊन यायच्या. जाताना रिकामी पिशवी, येताना पदराखाली धरलेली सीडी. २००० साल उजाडलं, तेव्हा तारखेच्या घोळाने मशिनं बंद पडणार अशी जगभर आवई होती. एक जानेवारीला ताई सकाळी सातला येऊन बंद कम्प्युटरसमोर हात जोडून बसल्या होत्या. बटण मी दाबलं, कारण त्यांचा हात उचलेना.

“ताई, एवढं काहून भिऊन राहिल्या तुमी? यंत्र हाय ते, वाघ न्हाई,” मी म्हणायचो.

“वाघ बरा प्रेमदास. तो आला तर दिसतो तरी.”

सगळ्यात मोठा नियम नकलांचा. रोज साडेपाचला ताई पूर्ण यादीची नक्कल फ्लॉप्यांवर काढायच्या. चार फ्लॉप्या यादीच्या, आणि पाचवी खास, मशीन कधी उठलंच नाही तर त्याला उठवायची. असे दोन संच, दोन पत्र्याच्या डब्यांत. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरा ताईंच्या घरी. रोज संध्याकाळी घरचा डबा आणून त्यांची अदलाबदल व्हायची, दोन्ही डब्यांची गाठ मशीनपाशी पडायची ती दहा मिनिटं, तीही ताईंच्या हातात. दोन डबे एका छपराखाली ठेवून त्यांनी कधी चहासुद्धा प्यायला नाही.

आणि नक्कल निघाली एवढ्यावर त्यांचा विश्वास नसायचा. ती उघडून, ओ निगेटिव्हचं पान काढून त्या मोठ्याने वाचायच्या. मनात वाचलं तर डोळा ओळ गाळतो, असं त्यांचे वडील पोथीबद्दल सांगायचे. एक, अमुक, गाव तमुक, निरोप पिठाच्या गिरणीत. दोन, तीन, चार. शेजारच्या खोलीत मी नळ्या धुता धुता म्हणायचो, “झाली बाईंची आरती सुरू.” सात वर्षं रोज संध्याकाळी मी हे म्हणालो.

मशीन जुनं होत गेलं. मधे त्यावर विंडोज ९८ बसवलं, आणि तेही म्हातारं झालं. नवीन घ्यायचं तर आमचा यादीचा प्रोग्रॅम त्यावर चालेल याची खात्री नांदेडचे लोकही देईनात. मग २००६ च्या जुलैत कंपनीने विंडोज ९८ साठी नव्या दुरुस्त्या काढणंच बंद केलं. ताई नांदेडहून शेवटच्या दुरुस्त्यांची सीडी घेऊन आल्या, पण ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तीन महिने तिला हात लावला नाही. घातली तर मशीन पुन्हा उठेल का, ही भीती. नाही घातली तर नव्या विषाणूपुढे ते किती दिवस टिकेल, ही दुसरी. दोन्हींच्या मधे बाई वाळून चालली होती आणि मला त्याची गंमत वाटत होती.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली, एक ऑक्टोबरला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, आम्ही मायक्रोस्कोप, फ्रिज आणि कम्प्युटर पुजायचो. पूजा माझ्याकडे असायची, कारण हळद आमच्या घरच्या शेतातली, आईने स्वतः दळून आणलेली. शनिवारी मी ताईंना म्हणालो, “उद्या घरचा डबा बी आणा.”

“तो कशाला? दोन्ही डबे एका ठिकाणी नको.”

“आवो, निम्मी हत्यारं पुजायची आन निम्मी घरी ठेवायची, असं असतं व्हय? देवळातली लेक तुमी, तुमाला मी सांगावं? दोन तासांची तर गोष्ट हाय.”

देवळाचं नाव काढलं की ताई गप्प व्हायच्या, हे मला माहीत होतं. म्हणून तर काढलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही डबे घेऊन आल्या.

आता माझं शहाणपण ऐका. ताई बाहेर झेंडूची फुलं निवडत होत्या. मी पाटावर दहाही फ्लॉप्या मांडल्या. कुंकू भिजवून तयार होतं. वरच्या प्लास्टिकला टिळा लावायचा तर ती वेष्टनाची पूजा झाली, असं माझ्या मनात आलं. फ्लॉपीला एक पत्र्याची चापट झडप असते, बोटाने सरकते, आणि आत तपकिरी चकती दिसते. खरी चीज ती. मी एकेक झडप सरकवली, चकतीला ओलं हळद-कुंकू लावलं आणि झडप सोडून दिली. दहाच्या दहा. मायक्रोस्कोपच्या भिंगाला मी कधी बोट लावू दिलं नसतं, कारण ते माझं होतं. ताईंच्या वस्तूबद्दल मला काही माहीत नव्हतं आणि विचारायची तसदीही मी घेतली नाही. पूजा झाली, नारळ फुटला, फ्लॉप्या परत डब्यांत गेल्या.

ताईंना त्या दिवशी कुठून हिंमत आली कोण जाणे. “आज काम नाही, पूजा झाली आहे, दोन्ही संच हाताशी आहेत,” त्या म्हणाल्या. “आज ती सीडी घालते.”

भारनियमनात लाइट जायची वेळ दुपारी दोनची होती. ती गेली अकरा वाजून वीस मिनिटांनी. दुरुस्त्या अर्ध्या चढल्या होत्या. यूपीएस चार मिनिटं ओरडला आणि थांबला. नवी बॅटरी मंजूर झालेली, दसऱ्यानंतर येणार होती. अर्ध्या तासाने लाइट आली, ताईंनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. बाकी काही नाही.

“घाबरायचं नाही,” ताई म्हणाल्या, आणि त्यांचे दात वाजत होते. “यादी आत सुखरूप असणार. उठवायची फ्लॉपी आहे ना.”

त्यांनी ती पाचवी फ्लॉपी लावली. आतून करकर असा आवाज आला, जातं कोरडं फिरावं तसा. दुसऱ्या डब्यातली लावली, पुन्हा तेच. ताईंनी फ्लॉपी काढून उजेडात धरली, झडप सरकवली आणि बघत राहिल्या. आत लालपिवळा ओघळ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात उभा होतो. मी नळ्या धुवायला निघून गेलो. धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुतल्या.

एक वाजता बाहेर जीप थांबली. आमच्या बोलीतली हाक ऐकून मी धावलो. माझी आई नीलाबाई उतरली, तिच्या लुगड्याला रक्त होतं. मागच्या सीटवर शिला. पहाटे तांड्यावरच बाळंत झाली, पोरगी झाली, आणि नंतर रक्त थांबेना. शिलाचे ओठ पांढरे होते. ती मला ओळखत होती, पण हाक मारत नव्हती.

शेजारच्या दवाखान्यात तिला घेतलं. पंधरा मिनिटांत गुंजन मॅडम तिथून आमच्या दारात आल्या.

“ओ निगेटिव्ह किती आहे?”

“एक पिशवी,” मी म्हणालो.

“ती द्या. अजून दोन लागतील, तीन वाजेपर्यंत. अनुसूया, यादी काढा.”

मग ताई म्हणाल्या, “मशीन बंद पडलंय मॅडम. नकलाही खराब झाल्यात.” कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही. मॅडमनी विचारलं नाही, वेळ नव्हता. नांदेडहून माणूस यायला संध्याकाळ होणार होती. यादी तिथेच टेबलावर होती, मशीनच्या त्या पांढऱ्या डब्यात, एकही अक्षर न पुसलेली. आणि माझ्या बहिणीला तिचा काडीचा उपयोग नव्हता. मी लावलेल्या कुंकवाने माझी बहीण मरणार, एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

ताई खुर्चीवर बसल्या. डोळे मिटले. हात गुडघ्यांवर ठेवले. आणि त्यांनी सुरू केलं. “एक...” नाव, गाव, निरोप कुठे. “दोन...” रोज साडेपाचला लागायचा तोच सूर. मॅडमनी फोनची डिरेक्टरी ओढली आणि नंबर फिरवायला लागल्या. मी दुसरा फोन घेतला. लिहून ठेवायची मनाई मॅडमनीच केली होती, तरी त्यांनी स्वतः पेन उचललं.

सणाचा रविवार. गिरण्या बंद, एसटीडी बूथ बंद, घंटी वाजून वाजून थांबायची. चार नंबरवाले पुण्याला गेलेले, सहा नंबरवाल्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. नऊ नंबर सोनाजी, सिद्धेश्वरचा, धरणावर मासे धरणारा. मच्छीमार सोसायटीत कुणीतरी फोन उचलला. सोनाजी पाण्यात आहे, होडी काठाला आली की मोटरसायकलवर पाठवतो म्हणाला. म्हणजे दोन तास तरी. दवाखान्यातून नर्स येऊन सांगून गेली, पिशवी अर्धी संपली.

“पंधरा... सोळा...” आणि ताई थांबल्या. “सतरा...” डोळे उघडले, पुन्हा मिटले. “सतरा... नाही येत. नाही येत प्रेमदास. मला भीती वाटते, मी चुकीचं सांगते आहे, सगळंच चुकीचं सांगितलं असेल...” त्यांना रडू फुटलं. अशी यादी मधेच तुटली की पुढचं काही हाताला लागत नाही, हे पाठ म्हणणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

मला कसं सुचलं मी सांगू शकत नाही. मी सुचवलं असं म्हणणंही खोटं होईल, ते माझ्या तोंडातून आपोआप आलं. “सतरा, वसराम, निरोप तांड्यावरच्या शाळेत.” त्याच सुरात. सात वर्षं ज्याची टिंगल केली, ते माझ्या कानात जाऊन बसलं होतं.

“अठरा,” ताई लगेच म्हणाल्या, आणि पुढचं सुटलं. त्या अडखळल्या की मी, मी अडखळलो की त्या. सव्वीस नंबर, आशाबाई, हिंगोली, भाजीमंडई, निरोप शेजारच्या रसवंतीत. रसवंतीवाल्याने फोन उचलला. वीस मिनिटांत आशाबाई रिक्षातून उतरल्या. दसऱ्याच्या झेंडूचं दुकान मांडलं होतं, ते तसंच टाकून आल्या होत्या, हातात अर्धी ओवलेली माळ. “कुटं झोपू?” एवढंच त्यांनी विचारलं.

आधी मी त्यांचा गट तपासला. ताईंची आठवण चुकली असेल तर? थेंब पाहिला. ओ निगेटिव्ह. तरी मी पुन्हा तपासला, आणि बाकीच्या तपासण्याही एकेक नीट केल्या. पावणेतीनला आशाबाईंची पिशवी शिलाला लागली. साडेतीनला सोनाजी आला, कपड्यांना माशांचा वास, येता येता दोनदा पेट्रोल संपलं म्हणाला, आणि त्याचीही पिशवी लागली. संध्याकाळी शिलाने पाणी मागितलं. याडी, म्हणजे आमची आई, ताईंच्या पायावर डोकं ठेवायला गेली, तर ताई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. “माझ्या पाया पडू नका हो,” एवढंच म्हणत होत्या. मी मान खाली घालून बाजूला होतो.

आठवड्याने नांदेडच्या माणसाने मशीन उठवलं. यादी पूर्ण होती. मी मात्र काही बोललो नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो, आणि रोज भ्यायचो. नोकरी जाईल याला भ्यायचो, तांड्यावर कळेल याला भ्यायचो, आणि सगळ्यात जास्त ताई माझ्याकडे कशा बघतील याला. ताईंच्या भित्रेपणाला हसणारा मी, तीन वर्षं एक वाक्य घेऊन लपून बसलो. त्यांनी कधी विषय काढला नाही.

२००९ ला व्यंकटराव अंथरुणाला खिळले आणि ताईंनी नोकरी सोडून औंढ्याला जायचं ठरवलं. मशीनची जबाबदारी माझ्यावर आली. कपाटातल्या फायली चाळताना त्या दिवसाचा अहवाल सापडला. ताईंच्या अक्षरात होता, खाली सही. ‘नियमाप्रमाणे एक संच घरी असावयास हवा होता. तो मी स्वतः कार्यालयात आणला. त्यामुळे दोन्ही संच एकाच वेळी निकामी झाले. चूक सर्वस्वी माझी आहे.’ मॅडमचा शेरा होता, लेखी ताकीद देण्यात येत आहे. हळदीचा कुठे उल्लेख नव्हता. माझाही नव्हता.

मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर गेलो. “ताई, हळद म्या लावली व्हती.”

“माहीत आहे. हळद तुमच्याच घरची, वास ओळखते मी.”

“मग लिवलं काहून न्हाई?”

ताईंनी पर्स आवरणं थांबवलं. “हळद कुणीही लावली असती प्रेमदास. एक डबा घरी असता, तर मी तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसरा लावला असता. तो घरी ठेवणं माझं काम होतं.” मग म्हणाल्या, “आणि तुम्ही किती भ्याला होता, ते मला दिसत होतं. मला कळतं ते. माझं सगळं आयुष्य त्यात गेलं.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी दोन्ही डबे माझ्या हातात दिले, मग एक परत घेतला. “दोन्ही एकदम नाही. हा मी जाताना तुमच्या घरी देऊन जाते.”

आता साडेपाचला मी वाचतो, मोठ्याने. नवीन पोरं शेजारच्या खोलीत हसतात. हसू द्या, ऐकतात तर खरं. आभाळ गडगडलं की पिन काढतो, आणि रात्री कधी जाग आली की मशीन बंद केलं होतं का ते आठवत पडतो.

खंडेनवमीला ऑफिसचा डबा ऑफिसात पुजतो. तिथलं आटोपलं की सायकल काढतो, घरी येतो आणि दुसऱ्या डब्याची पूजा घरी करतो. शिला पोरीला घेऊन आलेली असते. पोरगी हळदीत बोट बुडवते आणि विचारते, मामा, आत काय हाय? मी तिचं बोट धरून टिळा झाकणावर लावतो आणि झाकण दुसऱ्या हाताने दाबून धरतो.